शेतात लाल्या, गच्चीवर शोभा

डिसेंबर उजाडला की शिरपूर तालुक्यातला कापूसवाला सकाळी सकाळी शेतात जातो, वाकतो आणि कपाशीचं एक पान उलटंसुलटं करून बघतो. पानाच्या कडेला तांबूस रेघ दिसली की त्याचं तोंड कडू होतं. मग ही रेघ आत सरकते, शिरांमधला भाग लालसर जांभळा होतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि बघता बघता पान गळून पडतं. पानापाठोपाठ बोंड आखडतं, बोंडापाठोपाठ हिशेब. हाच माणूस रविवारी सूनबाईंच्या आग्रहाखातर महामार्गालगतच्या नर्सरीत जातो, जांभळ्या पानांचं एक रोप दोन्ही हातांनी उचलतो आणि नर्सरीवाल्याला काळजीनं विचारतो, “याचा रंग टिकंल ना रे भाऊ?”

शेतातल्या जांभळ्या पानाला खानदेशात लाल्या म्हणतात. कृषी अधिकारी समजावून सांगतात की लाल्या हा रोग नाहीच, ती विकृती आहे. म्हणजे जंतू नाही, बुरशी नाही, शिव्या घालायला समोर कुणीच नाही. जमिनीत मॅग्नेशियम कमी, नत्र कमी, बोंडं भरायच्या दिवसांत झाडाची भूक मोठी, वरून तुडतुडे रस शोषतायत आणि रात्रीचा पारा धाडकन उतरलेला. एवढं सगळं जमून आलं की पान हिरवेपणाचा राजीनामा देतं. पावसाळ्यात पाणी साचून राहिलेल्या शेतात तर जास्तच. २००२ साली बीटी कपाशी आली, एकेका झाडाला एकाच वेळी भरपूर बोंडं धरायला लागली आणि लाल्याची ओरडही वाढली. उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहे. एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट, दोन टक्के युरिया किंवा डीएपी. पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम मॅग्नेशियम, हे पाढे चुकणारं पोरगंही इथे बरोबर सांगेल.

मक्याचंही असंच. थंडीत कोवळ्या मक्याची पानं कडेनं जांभळी पडली की स्फुरद कमी पडलं, किंवा गारठ्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही, हे शेतकरी बांधावरूनच ओळखतो. खानदेशी नजर अशी घडलेली आहे. जांभळं पान दिसलं की हात पंपाकडे जातो. वांग्याच्या बाबतीतसुद्धा इथल्या माणसाला जांभळ्याची ओढ नाही. खानदेशी भरिताचं वांगं असतं हिरवं, अंगावर पांढरे पट्टे असलेलं, लांबट आणि गुबगुबीत. त्याला जळगावच्या नावानं भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. चकचकीत जांभळं वांगं इथे भाजीपुरतं खपवून घेतात, काड्यांवर भाजायला घेत नाहीत. या कडक कायद्याला सवलत दोघांनाच आहे. अंगणातल्या कृष्णतुळशीला आणि ताटातल्या लाल माठाला. एकीच्या मागे देव उभा आहे, दुसऱ्याच्या मागे पोट.

अशा या मुलखात जांभळ्या पानांची हौस शिरली ती मोबाइलमधून. पोरगा अमेरिकेत, एडिसनला. मे महिन्यात, म्हणजे इकडे आईवडील कूलरसमोर बसून कूलरला दोष देत असतात तेव्हा, तो घराबाहेरच्या झाडाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. सत्तर-ऐंशी फूट उंच झाड, वरपासून खालपर्यंत वाइनसारखं गडद, खाली हिरवंगार गवत. सोबत ओळ असते, ‘याला कॉपर बीच म्हणतात.’ पाच मिनिटांत वडिलांचं उत्तर जातं, ‘फवारणी केली का?’

वडिलांचा प्रश्न हसण्यावारी न्यायचं कारण नाही. मुलाचीच माहिती बऱ्याचदा चुकलेली असते. अमेरिकेतल्या वस्त्यांमधून दिसणारं प्रत्येक जांभळं झाड बीच नसतं. कुठे तो ‘क्रिमसन किंग’ नावाचा मेपल असतो, कुठे जपानी मेपल, कुठे जांभळ्या पानांचा आलुबुखारा. हा आलुबुखारा मूळचा इराणकडचा. तिथल्या शहाच्या पदरी पिसार नावाचा फ्रेंच माळी होता. त्यानं तो १८८० च्या सुमारास फ्रान्सला धाडला आणि झाडाला माळ्याचं नाव चिकटलं. शहाचं नाव त्या झाडाच्या संदर्भात आज कुणी काढत नाही, ही माळी जमातीच्या इतिहासातली दुर्मीळ घटना म्हणायला हवी.

खऱ्या जांभळ्या बीचची कुळकथा त्याहून जुनी आहे. युरोपातला साधा बीच हिरवाच असतो. त्यात मध्येच एखादं झाड जन्मतःच जांभळं निघतं, निसर्गाच्या लहरीनं. जर्मनीत थुरिंगियामधल्या झोंडर्सहाउझेन गावाजवळच्या जंगलात असं एक झाड होतं आणि जगभरच्या बागांमधले कितीतरी जांभळे बीच त्याच्याच वंशातले मानले जातात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ बूख आम इर्खेल नावाचं गाव आहे. तिथल्या जांभळ्या बीचांची नोंद १६८० सालच्या ग्रंथात सापडते. गावकरी सांगत, पाच भावांनी एकमेकांचे मुडदे पाडले, त्यांचं रक्त जिथे सांडलं तिथे ही झाडं उगवली. भाऊबंदकीतून बांध कोरला जातो, कोर्टात तारखा पडतात, हे शिरपूरकरांना ठाऊक आहे. पण तिच्यातून शोभेची झाडं उगवतात हे ऐकून दिवाणी न्यायालयाच्या आवारातले निम्मे अर्जदार थक्क होतील. शेरलॉक होम्सची १८९२ मधली एक गोष्ट तर या झाडांच्याच नावाची आहे. हॅम्पशायरमधल्या एका वाड्याच्या दारात कॉपर बीचांचा पुंजका आहे आणि आत पगार जास्त, काम संशयास्पद. एकूण काय, हे झाड गरिबाच्या दारात सहसा आढळत नाही.

तर फोटो आला, इतिहास कळला, आता झाड हवं. इथून पुढे शिरपूरची खरी परीक्षा.

बीच हे थंडीवर वाढणारं झाड आहे. हिवाळ्यात काही महिने सलग गारठा मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उघडतच नाहीत. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा जानेवारीत कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो, वर्तमानपत्रात शेकोटीचा फोटो येतो आणि खानदेशी माणसाची समजूत होते की आपल्याकडे थंडी आहे. पण ही थंडी पहाटेची. दुपारी बारा वाजता तोच माणूस स्वेटर कमरेला बांधून सावली शोधत असतो. बीचला असली अर्ध्या दिवसाची हजेरी चालत नाही. आणि उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला. त्यांच्या इतिहासातला तो विक्रम. त्या उन्हाळ्यात दुष्काळानं आणि उष्णतेनं तिथल्या झाडांनी ऑगस्टमध्येच पानं टाकायला सुरुवात केली, लोक हळहळले. शिरपुरात एप्रिलमध्ये ४०.३ असला की शेजारी म्हणतो, “आज जरा बरं वाटतंय, नाही?”

पाण्याचं या गावाला भय राहिलेलं नाही. २००४ पासून निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर आणि आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पुढाकारानं तालुक्यातले नाले रुंद झाले, खोल झाले, त्यांवर सिमेंटचे बंधारे बसले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ बघायला महाराष्ट्रभरातून गाड्या आल्या. अजून येतात. पण नाला खोदून पाणी अडवता येतं, जानेवारी अडवून मेपर्यंत पुरवता येत नाही. ती योजना निघाली तर तिच्या उद्घाटनाला बीचच्या रोपाचा विचार करावा.

तरीही जिद्दी माणसं असतात. ऑनलाइन बिया मागवतात. आता बीचच्या बियांना रुजण्याआधी तीन-चार महिने ओलसर गारव्यात राहावं लागतं. गारवा म्हणजे शिरपुरात फ्रिज. फ्रिजमध्ये ओल्या वाळूची पिशवी ठेवायची आणि घरातल्या बायकांना सांगायचं की होळीपर्यंत हिला हात लावू नका, हे लिहायला सोपं आहे. वांग्याचं भरीत, ताकाचं भांडं, कैऱ्यांची पिशवी आणि वाळू यांच्यातला जागेचा वाद आठवड्याभरात निकाली निघतो. निकाल कुणाच्या बाजूनं लागतो हे सांगायला नको. समजा वाळू तगली आणि बी रुजलं, तरी रोप जांभळं निघेलच असं नाही. जांभळ्या बीचच्या पोटी हिरवी पोरं बेलाशक जन्मतात, म्हणून खात्रीचा रंग हवा असेल तर कलमच बांधावं लागतं. चार महिने फ्रिजमधली अर्ध्या कप्प्याची जागा अडवायची आणि शेवटी हिरवं पान बघायचं, हे कुठल्याही संसारात माफ होण्यासारखं नाही.

म्हणून शेवटी गाडी नर्सरीकडे वळते. नर्सरीवाला अनुभवी असतो. तो फोटो बघतो, मान डोलावतो आणि म्हणतो, “हा माल आपल्याकडे आहे.” जो माल आहे तो अकॅलिफा. प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेलं हे झुडूप तांबूस, जांभळट, गुलाबी ठिपक्यांचं, हवं तसं मिळतं आणि छाटलं की फांदी तिथल्या तिथे मातीत खोचली तरी बऱ्याचदा जगते. त्याच्या शेजारी सेटक्रेशिया, म्हणजे ती जमिनीलगत पसरणारी संपूर्ण जांभळी वेलवजा वनस्पती. ती मेक्सिकोची. ऊन, दगड, दुर्लक्ष, तिला काहीही चालतं. कोलियस असतो, तो मात्र मेमध्ये दुपारी चार वाजता पंचनामा करण्याच्या अवस्थेत असतो. आणि थोडं मोठं झाड हवं असेल तर लाल पानांचा युफोर्बिया. लांबून बघितला तर फोटोतल्या बीचच्या सर्वात जवळ जाणारा हाच. फक्त फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो विषारी असतो, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. एवढी बातमी नर्सरीवाला पैसे मोजून झाल्यावर देतो. यातली बरीच रोपं आंध्रात गोदावरीकाठच्या कडियमहून येतात. देशभरच्या नर्सऱ्यांना ते गाव माल पुरवतं. नाशिकला उगम पावलेल्या नदीच्या दुसऱ्या टोकाहून ट्रक भरून शोभा परत येते.

रोप घरी आलं की पाहुण्यांची तपासणी सुरू होते. करवंद नाक्याकडच्या कुठल्याही नव्या कॉलनीत हा प्रसंग घडताना ऐकू येतो. गावाकडून काका आलेले असतात. चहा घेण्याआधीच त्यांची नजर कुंडीवर जाते.

“हाई झाड आजारी शे का रे भाऊ?”

“नै काका, ते तसंच ऱ्हास.”

“तसंच?”

“हा. जांभळंच.”

काका उठून जवळ जातात. पान उलटं करतात, मागे तुडतुडे आहेत का बघतात. नाहीत. बोटानं माती दाबून बघतात. ओल बरोबर आहे. आता त्यांच्यापुढे एकच शंका उरते.

“पैसा दीसन लयं?”

पुतण्या आकडा सांगतो. काका पुन्हा खुर्चीत बसतात आणि चहा बशीत ओततात. त्यांच्या वावरात या रंगाची पानं दीड एकर आहेत, हे ते बोलत नाहीत, पण बशी तोंडाला लावायला त्यांना जरा वेळ लागतो.

काकांच्या तपासणीतून सुटलेलं रोप पुढे एका नव्याच संकटात सापडतं. मार्च संपला की मालक त्याच्या काळजीनं गच्चीवर हिरवी नेट लावतो. पंधरवड्यात पानांवरची जांभळी झाक ओसरायला लागते. महिन्याभरात नवीन पानं सरळ हिरवट येतात. मालक चिडून नर्सरीत जातो, मोबाइलवर आधीचा आणि आताचा फोटो दाखवतो आणि ‘रंग मारून विकता काय?’ इथपर्यंत जातो. नर्सरीवाल्याचा इथे खरोखर दोष नसतो. जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. पान आतून हिरवंच असतं, त्याचा अन्न शिजवण्याचा कारखाना हिरव्यावरच चालतो. त्यावर हे द्रव्य पांघरूण घालतं आणि कडक उजेड, गारठा किंवा उपासमार असली की ते जास्त तयार होतं. सावलीत सुखानं बसवलेल्या पानाला पांघरुणाची गरजच पडत नाही. इंग्लंडमधला अस्सल बीचसुद्धा उन्हाळा सरत आला की हिरवट-तपकिरी दिसायला लागतो. पण ही गोष्ट तिथल्या घरांच्या जाहिरातीतल्या फोटोत येत नाही, कारण ते फोटो मे महिन्यातले असतात.

जांभळ्या पानाचा सरळ व्यवहारी उपयोग करून घ्यायची कल्पनाही आपल्या देशात होऊन गेली आहे आणि तिची गत मोठी मजेची आहे. भाताच्या शेतात रानभात उगवतो, छत्तीसगडात त्याला करगा म्हणतात. रोपात असताना तो आणि खरा भात जुळ्या भावांसारखे दिसतात, निंदणाऱ्या बायकांनी उपटायचं काय? मग शास्त्रज्ञांनी जांभळ्या पानांच्या भाताच्या जाती काढल्या. छत्तीसगडातली श्यामला ही त्यांतलीच. जांभळं ते आपलं, हिरवं ते उपटा. हिशेब चोख. पण रानभात शेजारच्या पिकाशी संकर करत राहिला आणि असे प्रयोग जिथे झाले तिथे काही हंगामांतच तोही जांभळा होऊन त्याच शेतात उभा राहिला. गणवेश दिला म्हणून शाळेत बाहेरचं पोर शिरायचं थांबत नाही, हे शास्त्रज्ञांनी आधी एखाद्या हेडमास्तरला विचारायला हवं होतं.

आता या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट शिरपूरकरांच्या लक्षात आणून द्यायला हवी. उत्तरेला सातपुडा उभा आहे. फाल्गुन-चैत्रात तिथे जे होतं त्याला तिकीट नाही. कोशिंबाचं झाड, काही भागांत त्याला कुसुंब म्हणतात, नव्या पालवीनं असं लालभडक होतं की लांबून फुलांनी बहरल्यासारखं वाटतं; जवळ गेलं की कळतं, फूल एकही नाही, नुसती पानं. याच झाडावरची लाख उत्तम प्रतीची म्हणून ओळखली जाते. मोहाची फुलं गळून गेली की मागून तांबूस पानं येतात. अंजन, ज्याचं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं आणि कुऱ्हाडीचं तोंड वळवतं, तो खानदेशाचा खास गडी; एप्रिलच्या रणरणत्या उन्हात त्याची जोडपानं लालसर रंग घेऊन फुटतात. पिंपळ आहेच, त्याची तांबूस पालवी तर गावात पाराजवळ उभं राहूनही बघता येते. कोवळं पान कडक उन्हात करपू नये, किड्यांना ते खाण्याजोगं वाटू नये, यासाठी झाड काही दिवस हा रंग वापरतं आणि पान जून झालं की हिरवं होऊन कामाला लागतं. बीच महिनोन्‌महिने मिरवतो ते कोशिंब आठ-दहा दिवसांत उरकतो, एवढाच फरक.

आणि हे बघायला वेगळं जावंही लागत नाही. चैत्रातल्या नवरात्रात शिरपूरकडच्या गाड्या पळासनेर ओलांडून सेंधव्याच्या बाजूला बिजासनी देवीला जातात. घाटातून जातात. काचा वर असतात, एसी दोनवर असतो, मागच्या सीटवर सूनबाई मोबाइलवर जांभळ्या रोपांचे भाव बघत असतात. कोशिंबाची हौस घरी करायची म्हटली तर अडचण तिसरीच आहे: झाड मोठं होतं, सावकाश वाढतं आणि नर्सरीत मागितलं तर नर्सरीवाला असं बघतो की गिऱ्हाइकाला वाटावं, आपण बाभळीचं बोनसाय मागितलं. रानात फुकट मिळणाऱ्या झाडाला दुकानात किंमत नसते, आणि किंमत नसलेलं झाड दारात लावलं तर शेजाऱ्याला काय सांगायचं?

जानेवारीत मात्र शेत आणि गच्ची एका ओळीत येतात. थंडीची लाट आली की रात्रीच्या गारठ्यानं गच्चीवरचा अकॅलिफा असा रंगतो की त्याचा फोटो एडिसनला जातो, आणि त्याच गारठ्यानं वावरातली राहिलेली कपाशीही रंगते. तिचा फोटो कृषी केंद्राच्या काउंटरवर येतो. अशाच एका संध्याकाळी काउंटरवर एक गृहस्थ पाच किलो मॅग्नेशियम मागतात. पिशवी बांधून होते, पैसे देऊन होतात. मग ते इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतात.

“कुंडीतलं झाड हिरवं पडतंय. जांभळं करायला काही औषध येतं का?”

दुकानदार वर बघतो. “कुंडीत काय टाकता?”

“युरिया. चिमूट चिमूट, दर आठवड्याला. वर हे मॅग्नेशियमबी.”

“दोन्ही बंद करा. नेट काढा. उन्हात ठेवा.”

गृहस्थ थोडा वेळ गणित जुळवून बघतात. “म्हणजे शेतातल्याला खाऊ घालायचं आन्‌ कुंडीतल्याला उपाशी ठेवायचं?”

“जांभळं पाहिजे ना तुम्हाला?”

“मंग नर्सरीवाल्यानं दोनशे रुपयांचं खताचं पाकीट कशाला दिलं?”

दुकानदारानं मागच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारलं.